आठ वाजताचा ग्लास

गोळी पाण्यात टाकली की आधी फस्स होतं. मग संत्र्याचा वास येतो. आणि संत्र्याच्या मागोमाग, पाहुण्यांबरोबर दारातून आत घुसणाऱ्या गल्लीतल्या कुत्र्यासारखा, कुजक्या अंड्याचा. बेळगावच्या वडगावातल्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात तो वास लपवायला जागा नव्हती. आठ वाजले की शेजारच्या वहिनी भिंतीपलीकडून विचारायच्या, ‘टीचर, आज पण अंडी काय?’ एकादशीला तर फार पंचाईत व्हायची.

मी मराठी माध्यमाच्या हायस्कुलात विज्ञान शिकवते, त्यामुळं वास कुठून येतोय ते मला ठाऊक होतं. गंधक. गोळीचं नाव एन-ॲसिटाइल सिस्टीन, डॉक्टरांच्या तोंडी एनएसी. छातीत चिकटून बसलेला कफ पातळ करायला ती देतात. पॅरासिटामॉलच्या गोळ्या कुणी मूठभर गिळल्या तर त्याचं यकृत वाचवायलाही हेच औषध देतात. आमच्या मुलाला, सोन्याला, ना खोकला होता, ना त्यानं काही गिळलं होतं. तो आठ वर्षांचा होता, दोन-तीन शब्दांपलीकडे बोलत नव्हता, आणि चिडला की स्वतःचा हात चावायचा. डाव्या मनगटाच्या वर अजून तो घट्टा आहे.

सोन्याला ऑटिझम आहे. मराठीत त्याला स्वमग्नता म्हणतात. ज्यानं कुणी हा शब्द केला त्याचं मराठी चांगलं असेल, पण त्यानं आमचा सोन्या बघितला नसावा. स्वतःत मग्न असलेल्या माणसाला मागच्या गल्लीतला प्रेशर कुकर ऐकू येत नाही. सोन्याला येतो. त्याला सगळंच ऐकू येतं, ही खरी अडचण.

गोळीपर्यंत मी कशी पोचले ते सांगते. हात चावणं वाढलं तेव्हा आमच्या बालरोगतज्ज्ञांनी रिस्पेरिडोन सुचवलं होतं. ऑटिझममधल्या चिडचिडीसाठी अमेरिकेच्या औषध प्रशासनानं मान्य केलेली औषधं दोनच, २००६ साली रिस्पेरिडोन आणि २००९ साली ॲरिपिप्राझोल. गुण येतो, पण वजन वाढतं, पेंग येते, हे डॉक्टरांनी आधीच मोकळेपणानं सांगितलं. मी म्हटलं, विचार करून सांगते. विचार करणं म्हणजे रात्री अकरानंतर मोबाईल घेऊन अंथरुणात पडून वाचणं. तिथं मला ‘अँटिऑक्सिडंट’ हा शब्द भेटला आणि माझा बांध फुटला. का, तर तो माझा शब्द होता. ऑक्सिडीकरण आणि क्षपण, दहावीचा धडा, दरवर्षी जूनमध्ये.

वांगं चिरून लगेच पाण्यात का टाकतात, इथून मी तो धडा सुरू करते. मुली हात वर करतात, मुलं एकमेकांकडं बघतात. हवेतला ऑक्सिजन लागला की फोड काळी पडते, लोखंडाला गंज चढतो, जुनं तेल खवट होतं. शरीरातही हेच चाललेलं असतं. ऑक्सिजन वापरून पेशी ऊर्जा तयार करते तेव्हा ठिणग्या उडतात, आणि त्या ठिणग्या अंगावर घ्यायला पेशीत ग्लुटाथायोन नावाचा एक छोटा रेणू असतो. ग्लुटामेट, सिस्टीन, ग्लायसीन अशा तीन अमिनो आम्लांची त्याची घडण. तिघांत कमी पडतं ते बहुतेक सिस्टीन, आणि एनएसीतून मिळतं ते तेच. ठिणगी घेतली की ग्लुटाथायोन स्वतः ऑक्सिडाइज होतो, पेशी त्याला पुन्हा मूळ रूपात आणते, तो परत कामाला लागतो. शाबूत किती आणि खर्ची पडलेला किती, या प्रमाणावरून पेशीचं कसं चाललंय ते कळतं.

२००४ साली अमेरिकेत जिल जेम्स यांच्या गटानं ऑटिझम असलेल्या २० मुलांचं रक्त तपासलं, दुसरीकडं ३३ इतर मुलांचं. पहिल्या गटात हे प्रमाण चांगलंच घसरलेलं होतं. पुढं इतरांनाही असंच काहीसं दिसत गेलं. झालं. मला रात्री साडेबाराला वाटलं की माझ्या पोराच्या मेंदूत गंज चढलाय आणि तो काढायचं औषध मेडिकल दुकानात मिळतं.

नवरा उद्यमबागेत एका फाउंड्रीत आहे. त्याचा दिवस लोखंड, वाळू आणि गंज यांच्यातच जातो. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी मी त्याला सगळं समजावलं. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, ‘गंज चढला म्हणून गेट मोडलं, का मोडून पावसात पडलं म्हणून गंज चढला?’

मला त्याचा राग आला. पण प्रश्न खरा होता. सोन्या तेव्हा पाच गोष्टी खायचा: भात, बटाटा, पारले बिस्किट, केळं आणि आज्जीच्या हातची दशमी. रात्री दोनला उठून बसायचा. असं खाणाऱ्या, असं झोपणाऱ्या कुठल्याही मुलाच्या रक्तात ठिणग्यांचा हिशेब बिघडेल. रक्तात काही कमी दिसलं म्हणजे तेच कारण असं होत नाही. हे मी वर्गात सांगते. घरात सांगायला दुसरं माणूस लागतं.

तरीही गोळी आणलीच, कारण माझ्या बाजूनं एक कागद होता. २०१२ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या अंतोनियो हार्डन यांच्या गटानं ३ ते १० वर्षांच्या ३३ मुलांवर एनएसीची चाचणी घेतली होती. १२ आठवडे. काहींना औषध, काहींना तशीच दिसणारी खोटी पुडी. मुलाचं वागणं मोजायला ५८ प्रश्नांची एक यादी वापरतात, त्यातले १५ प्रश्न चिडचिडीचे, गुण ४५ पैकी. औषध घेणाऱ्या मुलांचा आकडा १३.१ वरून ७.२ वर आला. जवळजवळ निम्मा! हा आकडा मी वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवला होता, लोक देवाचं नाव लिहितात तसा. डॉक्टरांनी तो वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, ‘चाचणी लहान आहे. देऊन बघा, फार अपाय नाही. पण मी सांगेन तेवढंच द्यायचं. पोट बिघडलं तर बंद. आणि दुसरं काही त्याबरोबर सुरू करायचं नाही.’

हे एप्रिल २०१९ मधलं. मे संपेपर्यंत सोन्या बदलला होता. वाईट म्हणावा असा दिवस आठवड्यात एखादाच. रात्रीची झोप लांबली. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, आठ वाजले की तो आपणहून येऊन माझं बोट धरायचा आणि मला ओट्याकडं ओढायचा. गोळी टाकली की ग्लास कानाला लावून बुडबुडे ऐकत उभा राहायचा. तोपर्यंत त्यानं कधी कशासाठी माझं बोट धरून ओढलं नव्हतं. मी शाळेतल्या एका सहकारी बाईंना रडत रडत हे सांगितलं. त्यांनी त्यांच्या नणंदेला सांगितलं. जूनपर्यंत तीन आयांचे फोन आले.

नवरा तेवढा गप्प. एका रात्री म्हणाला, ‘आमच्याकडं रिजेक्शन वाढलं की नवीन मॅनेजर येतो, वाळू बदलतो, बाइंडर बदलतो, ठेकेदार पण बदलतो. महिन्यानं रिजेक्शन कमी होतं. मग कशानं कमी झालं ते देवाला ठाऊक. तू एप्रिलमध्ये काय काय बदललंस?’

मी विचार करायला लागले. शाळेला सुट्टी लागली होती, मी दिवसभर घरात होते. सोन्याला रिक्षात बसून थेरपीला जायचं नव्हतं, कारण थेरपीच्या बाईपण गावी गेल्या होत्या. आंब्याचे दिवस होते, आणि सहावी गोष्ट म्हणून आमरस त्याच्या पोटात जायला लागला होता. आणि रोज आठ वाजता, काही झालं तरी, आई सगळं सोडून पाच मिनिटं त्याच्याजवळ ग्लास धरून उभी राहत होती.

तेव्हा आम्ही ठरवलं की घरातच चाचणी घ्यायची. डॉक्टरांना विचारलं. ते हसले, पण हो म्हणाले.

अडचण पहिल्या दिवसापासून. खोटी गोळी फसफसायला हवी, नाहीतर सोन्याच ग्लास भिरकावणार. नवरा दुकानातून फसफसणारी एक गोळी घेऊन आला. डबी वाचली तर क जीवनसत्त्व. म्हणजे दुसरं अँटिऑक्सिडंटच! त्याचीही एक चाचणी आहे, १९९३ ची, निवासी शाळेतल्या १८ मुलांवर ३० आठवडे, आणि त्यात फरक दिसल्याचं म्हटलंय. ती गोळी बाद. शेवटी चिमूटभर खायचा सोडा आणि लिंबाचं सरबत यावर आलो. ‘लिंबात पण क जीवनसत्त्व असतं की,’ नवरा म्हणाला. मी त्याला गप्प बस म्हटलं. घरगुती विज्ञानाला कुठंतरी थांबावं लागतं.

पंधरा-पंधरा दिवसांचे सहा तुकडे. कुठल्या तुकड्यात काय ते नवरा नाणं उडवून ठरवणार, तीनदा गोळी तीनदा सरबत, आणि फाउंड्रीच्या जुन्या हीट-रजिस्टरात लिहून कपाटात ठेवणार. मला कळता कामा नये. पण मला कळायचंच. दोन खोल्या, वर सांगितलं ना. मी बाहेरच्या खोलीत पेपर तपासत बसले तरी पाच मिनिटांत वास उंबरा ओलांडून यायचा. मी परीक्षक म्हणून नापास.

मग आईंचं नाव पुढं आलं. माझ्या सासूबाई मूळच्या निपाणीच्या. लहानपणी तंबाखूच्या वखारीत बसून पानं निवडलेली बाई. साठ वर्षं तपकीर ओढत होत्या, तीही निपाणीहून भाऊ पाठवतो तीच, बेळगावातली नाही. नाकाचा पार दगड झालेला. भात करपला तरी पत्ता नसायचा. सोन्या दिवसभर त्यांच्याजवळच असायचा, त्यामुळं त्याला जास्त ओळखणाऱ्याही त्याच. आणि लिहिता येत नव्हतं, पण फुली मारता येत होती. भिंतीवरच्या कॅलेंडरवर वाईट दिवसाला फुली, बऱ्या दिवसाला टिंब. मोठ्या चाचण्यांत लाखो रुपये घालून जे साधतात, ते आम्हाला आईंच्या नाकानं फुकट दिलं.

‘काय गे, औषधाची परीक्षा करूलालीस का माझी?’ त्या म्हणाल्या. दोन्हीची, असं मी म्हटलं नाही.

पहिले पंधरा दिवस ओळीनं टिंबं. दोनच फुल्या. आई शेजारणीला दारातून सांगायच्या, ‘आता गुण आला बघ गे पोराला. औषध लागलं.’ आणि मी आत ओट्याशी उभी. मला ठाऊक होतं की ग्लासात लिंबू आहे. एवढी जड गोष्ट मी दुसरी कुठली गिळलेली नाही. आईंचा चेहरा बघवत नव्हता, आणि खरं सांगू, त्यांच्यापेक्षा स्वतःचाच मे महिन्यातला चेहरा आठवून लाज वाटत होती.

नंतर वाचलं की असं फक्त आमच्या घरात होत नाही. २००९ मध्ये सिटॅलोप्राम नावाच्या औषधाची १४९ मुलांवर चाचणी झाली होती. औषध घेणाऱ्यांपैकी ३२.९ टक्के मुलं सुधारली. खोटं औषध घेणाऱ्यांपैकी ३४.२ टक्के. तिसरा हिस्सा मुलं कशावरच सुधारतात, कारण बघणारे डोळे आधी सुधारलेले असतात. किंवा घर थोडं शांत झालेलं असतं आणि मूल खरंच सुधारतं. यातलं कुठलं किती, हे मला आजही वेगळं काढता येत नाही.

ऑगस्ट उजाडला तो पाऊस घेऊनच. २०१९ चा ऑगस्ट बेळगावात कुणी विसरणार नाही. बळ्ळारी नाला फुटून येळ्ळूर रस्त्याकडची शेतं तळी झाली, जुनी मातीची घरं बसली, दिवसदिवस वीज नाही. कॅलेंडरवर पहिल्या आठवड्यात फुल्यांची रांग. सोन्यानं हात चावून रक्त काढलं. गोळीचा तुकडा चालू होता तो, हे मला वासावरून ठाऊक. मनात म्हटलं, म्हणजे गोळी बाधते की काय!

उलगडा आईंनी केला. आमच्या मागच्या बाजूला यंत्रमाग आहेत. वडगाव-शहापूरचे लोक त्या आवाजातच जन्मतात, खटखट-खटखट, सकाळी आठपासून रात्रीपर्यंत. पाहुण्यांना पहिल्या रात्री झोप येत नाही, आम्हाला परगावी गेल्यावर येत नाही. मी इतकी वर्षं धरून चालले होते की सोन्याला त्या आवाजाचा त्रास होत असणार. थेरपीच्या बाईंनाही मी तसंच सांगितलं होतं, त्यांनी कानाला लावायचे मफ आणायला सांगितले होते. आई म्हणाल्या, ‘तसं न्हवं गे. माग थांबले की हा सुटतोय. लाईट गेली की माग बंद, माग बंद की ह्याचं चालू. माझी सिरियल पण तेव्हाच जातीय, म्हणून ध्यानात राहतंय.’

मागचे महिने काढून बघितले. सगळ्या फुल्या काही वीज जाण्याच्या नव्हत्या. काही शौचाला न झाल्याच्या असाव्यात, काहींचं कारण सापडलंच नाही. पण बऱ्याच होत्या. तो आवाज सोन्याला छळत नव्हता, धरून ठेवत होता. पायाखालची फरशी अचानक काढून घ्यावी तसं त्याला खटखट थांबल्यावर होत असणार. हे ५८ प्रश्नांच्या यादीत कुठं नाही. त्या यादीत असायलाही नको म्हणा, वडगावात माग आहेत हे तिकडच्या लोकांना कशाला ठाऊक.

आणि त्याच पुरात आमची चाचणी बुडाली. पुणे-बेंगळुरू हायवे निपाणी-कोल्हापूरच्या पट्ट्यात पाण्यानं बंद पडला. आईंच्या भावाची तपकीर येईना. इथल्या दुकानातली आणली तर ‘ही माती आहे’ म्हणून बाजूला ठेवली. पाच-सहा दिवस चिडचिड, डोकेदुखी. सातव्या दिवशी आठ वाजता आई ओट्याशी येऊन उभ्या राहिल्या, नाक वर केलं आणि म्हणाल्या, ‘अगं बाई, पोराला कसली कुजकी अंडी पाजूलालीस?’

साठ वर्षांनी त्यांना वास आला, तो नेमका तेव्हा. नवरा बाहेरच्या खोलीत हसून हसून खोकायला लागला. त्याला त्या दिवशी एनएसी द्यायला हवी होती.

तरी बारा आठवडे पुरे केले. रजिस्टर कॅलेंडरच्या शेजारी ठेवून मोजलं. गोळीच्या सहा आठवड्यांत सतरा फुल्या, सरबताच्या सहा आठवड्यांत सोळा. एका मुलावरून काही सिद्ध होत नसतं, आणि परीक्षकाला मध्येच वास आलेल्या चाचणीवरून तर नाहीच. पण डॉक्टरांना दाखवलं तेव्हा त्यांनी सांगितलं की माझ्या वहीतल्या २०१२ च्या आकड्यानंतर आणखी कागद आलेत, ते मी वाचले नव्हते. खरं तर वाचले होते, लिहून ठेवले नव्हते. २०१६ मध्ये ३१ मुलांवरची एक चाचणी. रक्तात ग्लुटाथायोन वाढलं, पण मुलांचं इतरांशी वागणं-मिसळणं तसंच राहिलं. हे वाक्य मी तेव्हा भरभर ओलांडून गेले होते. गंज निघाला, गेट उघडलं नाही. २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियात शंभरच्या आसपास मुलांना सहा महिने दिलं, मात्रा कमी होती, रोज ५०० मिलिग्रॅम, आणि दोन्ही गटांत फरक नाही. लहान चाचणीत उजेड, मोठीत अंधार, ही या क्षेत्रातली नेहमीची गोष्ट. तिसऱ्या बाजूला असंही म्हणणारे आहेत की चिडचिडीपुरता थोडा उपयोग काही मुलांना होत असेल. असेल. दार बंद झालंय असं मी म्हणत नाही.

गोळी थांबवली. पण माझं डोकं थांबायला तयार नव्हतं. गोळी नाही तर भाजी.

ब्रोकोलीच्या कोवळ्या मोडात सल्फोराफेन नावाचं द्रव्य तयार होतं. ते स्वतः ठिणग्या झेलत बसत नाही, पेशीला सांगतं की तुझे तू झेलणारे वाढव. २०१४ मध्ये १३ ते २७ वयाच्या ४४ तरुणांवर १८ आठवडे चाचणी झाली आणि बऱ्याच जणांत स्पष्ट सुधारणा दिसली, औषध थांबल्यावर ती ओसरलीही. त्यामागची कल्पना मला फार आवडली होती. ताप आला की ऑटिझमची काही मुलं तेवढ्यापुरती निवळतात, नजर देतात, असं आया कित्येक वर्षं सांगत होत्या. २००७ मध्ये ३० मुलांचं नीट निरीक्षण करून डॉक्टरांनी ते खरं असल्याचं नोंदवलं. तापात पेशी बचावाची जी यंत्रणा चालू करते तीच ताप न आणता चालू करता येईल का, असा तो विचार. सोन्याला ताप आला की मीही घाबरत घाबरत थोडी खूश व्हायचे. आईनं असं म्हणू नये, पण व्हायचे.

मटकीला मोड आणणाऱ्या बाईला ब्रोकोलीला मोड आणणं काय कठीण? रविवार पेठेतल्या बियाण्याच्या दुकानात गेले. पाकीट मिळालं, बी गुलाबी रंगाचं. कशाला हवंय म्हणून दुकानदारानं सहज विचारलं. मी सांगितलं. त्यानं पाकीट माझ्या हातातून काढूनच घेतलं. ‘बेड अक्का, बेड. हे पेरायचं बी. औषध लावलंय ह्याला, बुरशी लागू नये म्हणून. खायचं न्हवं.’ त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही. खायचं बी नंतर कुरिअरनं मागवलं, पंच्यात बांधलं, मोड आले. चव उग्र, मुळ्याची. सोन्यानं एक तुकडा जिभेवर ठेवला आणि स्वच्छ आवाजात म्हणाला, ‘बेड.’

हा त्याचा ‘नको’. थेरपीच्या बाई कन्नड बोलतात, त्यांच्याकडून त्यानं तो उचलला. पाण्याला मात्र पाणीच म्हणतो. दुकानाच्या पाटीवर कुठली लिपी वर आणि कुठली खाली यावरून आमच्याकडं जन्म गेले, आणि आमचं पोर नकार कन्नडात देतं, तहान मराठीत सांगतं. पूर्वी सांगायचे, अशा मुलाशी एकच भाषा बोला, गोंधळ होतो. दोन भाषांच्या घरांतल्या मुलांचा अभ्यास झाला तेव्हा त्यानं जास्तीचं नुकसान होत नाही असं दिसलं. आई तर तेव्हाच म्हणाल्या होत्या, ‘नको म्हणायला आलं की, कुठल्या का भाषेत.’

मोड आईंनी कोशिंबिरीत घालून संपवले. लहान मुलांवरची सल्फोराफेनची चाचणी २०२१ मध्ये आली, ३ ते १२ वर्षांच्या मुलांवरची. रक्तातल्या काही खुणा हलल्या, वागण्यात ठामपणे म्हणावा असा फरक नाही.

अँटिऑक्सिडंट म्हणजे भाजी-फळांतली सज्जन वस्तू, असं आपल्याला वाटतं. आवळा, हळद, कोकम. मलाही वाटायचं. वर्गात मी आता एक गोष्ट आवर्जून सांगते. फिनलंडमध्ये २९,१३३ सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांवर मोठी चाचणी झाली, निष्कर्ष १९९४ मध्ये आले. काहींना रोज बीटा-कॅरोटिन दिलं होतं, गाजरातलं, अगदी सज्जन. फुप्फुसाचा कर्करोग त्यांच्यात १८ टक्क्यांनी जास्त निघाला. पेशीला ठिणग्याही लागतात. पांढऱ्या पेशी जंतू मारतात ते ठिणग्यांनीही. माझ्या वर्गातली निम्मी पोरं तंबाखूच्या पट्ट्यातल्या नात्यागोत्यांची, त्यांना हे पटकन समजतं.

गोळीच्या बाजूच्या कप्प्यात जे विकतात ते मात्र समजावून सांगताना माझा आवाज चढतो. अंगातले जड धातू काढतो म्हणून मुलांच्या शिरेत औषधं सोडणारे लोक आहेत. त्या प्रकारात २००५ मध्ये अमेरिकेत पाच वर्षांचं एक मूल गेलं. एनएसीच्या गोळीपासून त्या सुईपर्यंत अंतर फार असतं असं मला रात्री साडेबाराला वाटत नव्हतं. एकाच मोबाईलवर, एकाच बोटानं वर ढकलत मी तिथंही पोचले होते. नवरा घोरत होता. पैसे नव्हते म्हणून थांबले, शहाणी होते म्हणून नाही.

सिक्रेटिनची गोष्ट मला सगळ्यात जवळची वाटते. पचनाशी संबंधित हे संप्रेरक. १९९८ मध्ये तीन मुलांना ते टोचल्यावर ती बोलायला लागल्याची बातमी झाली आणि आईबाप रांगा लावायला लागले. १९९९ मध्ये ६० मुलांवर नीट चाचणी झाली, एका गटाला सिक्रेटिन, दुसऱ्याला मिठाचं पाणी. दोन्ही गट सारखेच सुधारले. निकाल आईबापांना सांगितला. मग विचारलं, अजून तुम्हाला हे औषध हवंय का? ६९ टक्के म्हणाले, हो.

लोक हे ऐकून हसतात. मी त्या ६९ मध्ये आहे.

आई दोन वर्षांपूर्वी गेल्या. सोन्या आता चौदाचा आहे, माझ्यापेक्षा उंच. हात चावणं खूप कमी झालंय. काही वयानं, काही चित्रांच्या कार्डांनी, आणि काही नवऱ्यानं केलेल्या जुगाडानं. त्यानं मागांचा आवाज मोबाईलवर भरून ठेवलाय, तासाभराचा. वीज गेली की लावतो. आठ वाजता ग्लास अजून लागतो. लिंबू, चिमूटभर सोडा. कानाला लावून ऐकतो, बुडबुडे संपले की ग्लास माझ्या हातात देतो. पीत मात्र नाही.

गेल्या आठवड्यात खानापूरकडच्या एका बाईचा फोन आला. मुलगा पाच वर्षांचा. कुणीतरी तिला माझा जुना किस्सा सांगितला होता, मे महिन्यापर्यंतचाच. ‘बाई, ती गोळी चालते काय? गुण येतोय काय?’ आवाजात तीच घाई. मी तिला सांगितलं की आधी डॉक्टरांना विचार, त्यांच्याशिवाय देऊ नको, आणि दुसरं काही एकदम सुरू करू नको. ती हो हो म्हणत होती, ऐकत नव्हती. गोळीचं नाव लिहून घ्यायला पेन शोधत होती, कागदाचा आवाज येत होता.

मग मी तिला विचारलं, ‘तुमच्या घरात तपकीर ओढणारं कोण आहे काय गे?’